बर्फावरचा फोन

अन्याय झाला तो माझ्या आईवर. बाबांच्या बाराव्याच्या दिवशी, दुपारी पावणेबारा वाजता, आमच्याच ओटीवर, पानं मांडायच्या आधी. करणारे आमचेच लोक होते आणि गप्प बसणारी मी होते.

हे आधी सांगून टाकते, कारण मला पत्रकं लिहायची सवय आहे आणि कोणाचं काय गेलं ते पत्रकाच्या पहिल्या ओळीतच यावं लागतं. खाडीतला गाळ, जाळी वाळवायची जागा, होड्या बांधायचा धक्का, या सगळ्यावर मी गावासाठी लिहिलं. दुसऱ्याच्या चुकीला नाव देताना हात कधी अडखळला नाही. हे लिहायला मात्र वर्ष गेलं.

आमचं घर खाडीकाठच्या दिवाळे गावात. बाबा एकटेच होडी घेऊन खाडीत जायचे आणि आई बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. आमच्यात पुरुष मासळी धक्क्यापर्यंत आणतो, त्यापुढे ती बाईची. बाजारात घेऊन जाणं, भाव करणं, विकणं, सगळं तिचं. ती येऊन पाटी उचलेपर्यंत पुरुषानं मासळीपाशी बसायचं. टाकून उठायचं नाही. म्हणून बाबा पुलाखालून आत शिरले की फोन करायचे, "आयलू गो. पाटी आन." आई बाजारातून उठून धक्क्यावर जायची. रोज एवढंच बोलणं. आई सांगायची, लग्नानंतर पहिली पंधरा वर्षं ती हे पाण्यावरून ओळखायची. भरती कधी, ओहोटी कधी, होडी कधी येणार, सगळं डोक्यात. फोन आल्यावर तिनं ते डोक्यातून काढून टाकलं.

दोघांकडे बटणांचे फोन होते. एकदा चार्ज केला की चार-चार दिवस बघायला नको. पण उंच टॉवरमध्ये राहणारी गिऱ्हाइकं आईला म्हणायला लागली, "मावशी, फोटो पाठवा ना, बघून ऑर्डर देतो." शेजारची बाई फोटो पाठवायची आणि तिची कोलंबी आईच्या आधी संपायची. आईला चांगला फोन घ्यायचा, हे मी ठरवलं. तिनं मागितला नव्हता.

तीन आठवडे मी घडीच्या फोनांचा अभ्यास केला. अभ्यासच म्हणते, कारण वही केली होती. एका बाजूला पुस्तकासारखा उघडणारा, दुसऱ्या बाजूला डबीसारखा मिटणारा. पुस्तकवाल्याचा पडदा एवढा मोठा की आईला चष्म्याशिवाय वाचता आलं असतं, पण तो जड, आणि उघडायला दोन हात लागतात. बाजारात बसलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे कधी असतात? डबीवाला मिटला की कमरेच्या बटव्यात बसेल. पण मधोमध घडीची रेघ, बिजागरीत खवलं अडकायची भीती, आणि बॅटरी लहान. वाशीच्या मॉलमधला विक्रेता माझ्यापेक्षा लहान असेल. मी बॅटरीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बॅटरी छोटी आहे, पण फास्ट चार्जिंग आहे ना. चहा पिऊन होईपर्यंत अर्धा. कशाला टेन्शन घेता?"

"आणि पाणी?"

"पाण्याला चालतो. धुळीचं तेवढं जपा."

मला ते पटलं. पटापट भरतो म्हणजे चांगला, असं मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पटापट भरणारी वस्तू कुठे भरायची, हा प्रश्न वहीत नव्हता. जलद चार्जिंगचं कौतुक भिंतीत प्लग असलेल्या माणसाला. आमच्या बाजारात आईच्या हाताशी एकच प्लग होता, बर्फवाल्याच्या गाळ्यात, बर्फ फोडायच्या ओट्याला लागून. जुना फोन चार दिवस चालायचा तेव्हा तिला त्या प्लगचं कामच पडलं नव्हतं. नवा दुपारी बारालाच मान टाकायचा.

आईला फोन आवडला, हे खोटं बोलणार नाही. दिवसातून दहादा ती तो उगाच टप्पकन मिटायची. शेजारणीला म्हणायची, "बघ, कालवासारका मिटतो." आठवड्याभरात ती इतके बरे फोटो काढायला लागली की चिंबोऱ्या सुद्धा तिच्याकडे बघून नांग्या वर करायच्या, असं बाबा म्हणायचे. बाबांनी स्वतःचा फोन बदलला नाही. "माझा हाय तो बरा हाय. मला काय चिंबोरीचा फोटो काढायचाय?"

एका संध्याकाळी आई माझ्यापाशी आली. मी गाळाच्या पत्रकाचा मजकूर लावत होते, सकाळी छापायला द्यायचा होता.

"पोरी, ह्यो चार्जिंगला लावला का लय गरम व्हतो गो. हातात धरवत नाय. काय करू?"

मी मान वर न करता म्हणाले, "थंड कर ना मग. थंड झाला की वापर."

एवढंच. पाच सेकंदांचं काम. बाजूला काढून ठेव, हवेवर ठेव, असं सांगायला आणखी पाच लागली असती.

माझ्या आईनं चाळीस वर्षं एकच गोष्ट थंड केली आहे आणि ती एकाच पद्धतीनं. गरम लागलं की बर्फ. बर्फ कमी पडला तर माल गेला, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. तिनं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि चार्ज झाल्यावर बर्फावर ठेवला. नीट, वरून थोडा चुराही घातला. पापलेट ठेवते तसा. दोन दिवस तो चालला. तिसऱ्या दिवशी, बाबा गेले त्या बुधवारी, बर्फातच बंद पडला. पिशवीला आतून सुटलेला घाम बिजागरीतून आत गेला होता. आईला कळलंच नाही. मिटलेला फोन झोपलाय की मेलाय, बाहेरून कसं ओळखायचं?

बाबा त्या दिवशी लवकर परत आले. छातीत दुखत होतं म्हणून आले असणार. होडी बांधली, मासळी वर आणली, ओलं गोणपाट तिच्यावर टाकलं आणि खांबाला टेकून बसले. मग फोन लावला. तीनदा. लागला नाही. मी तेव्हा तुर्भ्याला छापखान्यात होते, माझा फोन चालू होता, पण बाबांना आईचा सोडून एकही नंबर लावता यायचा नाही. दोनचं बटण दाबून धरायचं, की आई.

धक्क्यावर माणसं होती. जाळं शिवणारा एक काका दहा हातांवर होता. तो नंतर मला सांगत होता, "मी विचारलं ना त्याला, काय, वाट बघतोस काय? त्यानं हात वर केला. मला वाटलं, वहिनी येतेय." रोज तसेच बसायचे बाबा. मासळी टाकून उठायचं नसतं, म्हणून उठले नाहीत. उठले असते, चार पावलं डगमगत चालले असते, तर कोणीतरी धावलं असतं.

पाणी उतरायला लागलं तसं आईच्या मनात काहीतरी हललं. फोन आला नाही, पण पाणी तर उतरतंय, म्हणजे होडी आलेली असणार. जुनं ज्ञान उशिरा जागं झालं. ती गाळा सोडून निघाली. पाटी डोक्यावर, पाटीत बर्फ, बर्फात फोन. वाजला तर ऐकू यावा म्हणून ती मान ताठ धरून चालली, असं तिनं मला एकदाच सांगितलं.

ती पोचली तेव्हा गोणपाट अजून ओलं होतं.

दवाखान्यात लवकर आणलं असतं तर बाबा वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या उत्तरावर आम्ही दोघी जगतो.

फोन मी दुकानात नेला. तोच विक्रेता होता. उघडून बघितला, मधल्या रेघेवर काळा डाग पसरला होता. तो म्हणाला, "मॅडम, पाणी चालतं. बर्फ कोणी सांगितला?" तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसले.

दुसऱ्यांदा बाराव्याला. ओटी भरलेली. आत्या, बाबांची थोरली बहीण, भिंतीला टेकून बसली होती. ती कोणाकडेच न बघता म्हणाली, "मासली बर्फात ठेवतान. फोन ठेवतान काय कोन? माझा भाव वाट बघत बसला, आनि हिचा फोन बर्फात." एक-दोघं हसले सुद्धा. हसू दाबायचा तो आवाज मला ऐकू आला. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. फक्त एकदा. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "चूक माझीच. मीच ठेवला."

मला सांगितलं होतं पोरीनं, असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही. आणि सभेत अधिकाऱ्याचा माईक हिसकावून बोलणारी मी, माझ्या घरात, माझ्या आईसाठी, तोंड उघडू शकले नाही. मी पत्रावळी मोजत बसले.

बाबांचा फोन आम्ही पेटीत ठेवला होता. त्यांच्यानंतर तो तीन दिवस चालू होता. तीन दिवस त्याच्यात चार्ज होता.

आई आता फोन बाळगत नाही. दुसऱ्यांच्या होडीचा माल घेते आणि पाण्यावरून वेळ ओळखते. होडी यायच्या तासभर आधीच धक्क्यावर जाऊन बसते. कोणी म्हटलं, एवढ्या लवकर कशाला गो, तर म्हणते, "बसते जरा."

आणि बाजारातली ती गोष्ट बाजारातच राहिली नाही. कोणीतरी तिचा विनोद केला. मच्छीवाल्या मावशीनं घडीचा फोन ताजा राहावा म्हणून बर्फात ठेवला. त्यात बाबा नाहीत, धक्का नाही. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो येऊन गेला असेल आणि तुम्ही हसून पुढे पाठवलाही असेल. मागच्या रविवारी एका बाईनं बोंबील घेता घेता आईला विचारलं, "मावशी, त्या तुम्हीच का हो?" आईनं बोंबील साफ करून दिले.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते विनंती म्हणून करत नाही. तो विनोद पुन्हा समोर आला तर पुढे पाठवू नका, आणि नुसतं पुसूनही टाकू नका. त्याच्याखाली लिहा, की थंड कर असं तिला तिच्या मुलीनं सांगितलं होतं, मान वर न करता. आणि बेलापूरच्या बाजारात कोणी तिला हसत विचारताना दिसलं, तर पिशवी खाली ठेवा आणि तिथेच, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हेच सांगा.

मी आजपासून सांगते आहे. तुम्हीही सांगा.