उन्हात नेऊन बघायचा रंग

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत एक जुनी साडी होती. ती नेसण्यासाठी नव्हती. आत्याने फोनवर बाबांना सांगितलं होतं, की माझी शेवाळी इरकल तुमच्या कपाटात राहिलीय, ती पाठव, मला बाथरूम त्या रंगाचं करायचंय.

शेवाळी म्हणजे नेमका कोणता, हे मला कपाटासमोर उभं राहून आईला विचारावं लागलं. इंग्रजी शाळेत मी हिरव्याच्या दोन-तीन छटा शिकले होते. आत्याकडे त्या ढिगाने होत्या. लग्नाआधी ती लक्ष्मी रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये साड्यांवर ब्लाउजपीस जुळवून द्यायची. आमसुली, मोरपंखी, कोनफळी, चिंतामणी हे शब्द मी तिच्याकडूनच ऐकले. सुट्टीत ती पुण्याला आली की मला सोबत खरेदीला न्यायची आणि प्रत्येक कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायची. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नव्हता.

आत्याचे यजमान, म्हणजे काका, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानंतर ती घरात एकटीच राहत होती, आणि उन्हाळ्यात बाथरूमच्या उंबरठ्याला अडखळून तिचं मनगट मोडलं. आता ते बाथरूम पूर्ण फोडून नवं करायचं ठरलं होतं. मी एक नोकरी सोडून दुसरीची वाट बघत होते, म्हणून सोबतीला माझी रवानगी झाली.

दुबईच्या विमानतळावर आत्याचा मुलगा, रोहनदादा, घ्यायला आला होता. तो तिथेच वाढला आणि आता बायको-मुलीबरोबर दुबईतल्याच करामा भागात राहतो. आत्याचं घर मात्र उम्म अल कुवैनला. अल कुसैस मागे पडलं, शारजाच्या सीमेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत राहिल्या, आणि मग हळूहळू इमारती विरळ होऊन दोन्ही बाजूंना फिकट वाळू आली. दादाने मला परिस्थिती समजावून सांगितली.

"बाथरूम सेफ झालं तर तिने तिथे राहावं, fine. पण पुन्हा काही झालं ना, then she moves in with us. मी तिला सांगून ठेवलंय."

"तिला चालेल?"

"She'll hate it," तो म्हणाला आणि एसी वाढवला.

घर खोराच्या (खाडीच्या) अगदी जवळ होतं. पाणी उथळ, काठाला खारफुटी, आणि लांबवर गुलाबी ठिपके. ते रोहित पक्षी आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. इतकी शांतता मी दुबईच्या नावाशी कधी जोडली नव्हती. आत्या दारात उभी होती. मी अजून फाटकाजवळच्या अंधारात होते, तरी ती म्हणाली, "वाळलीस गं." तिने केशरी साडी नेसली होती आणि त्यावर जांभळा ब्लाउज घातला होता.

मी पुन्हा एकदा बघितलं. आमच्या घरी सांगतात, की एका लग्नात ब्लाउज अर्ध्या छटेने चुकला म्हणून ती वाटेतून रिक्षा फिरवून घरी आली होती. दादाने माझी नजर ओळखली. बॅग उचलताना हळूच म्हणाला, "बाबा गेल्यापासून असंच आहे. She just doesn't care anymore." मला ते पटलं. दुःखात माणूस असं करतं, असं मी वाचलं होतं.

पुढचे काही दिवस फोडाफोडीच्या आवाजात गेले. घरभर पांढरी धूळ. आत्या त्यातून न अडखळता फिरायची, शेरीची (इथल्या लोकांच्या आवडीचा मासा) आमटी करायची, मीठ चिमटीने अचूक टाकायची. संध्याकाळी आम्ही काठावर बसायचो. काकांनी हे घर या पाण्यासाठीच घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर बाथरूम खोराच्या रंगाचं करायचं हे त्या दोघांचं ठरलं होतं. "आता मी एकटी करतेय," ती म्हणाली. "पण करतेय." करामाचा विषय मी काढला नाही. तिनेच काढला. म्हणाली, "तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते."

शनिवारी दादा आम्हाला शारजाच्या औद्योगिक भागातल्या टाइल्सच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. आत्याने इरकल काउंटरवर पसरली. केरळचा सेल्समन साडी बघून आधी गोंधळला, मग हसला, आणि आतून एक टाइल घेऊन आला, ती खरोखर साडीतूनच कापल्यासारखी होती. मग उंबरठ्यासाठी आणि बेसिनखाली बसवायला त्याने दगडाचे चार-पाच तुकडे मांडले. आत्याने प्रत्येकावरून बोटं फिरवली आणि एक उचलला.

"बाहर देखेंगे," ती म्हणाली.

"मॅडम, बाहर भी सेम ही है. और गरमी देखो."

"भैया, चालीस साल से मैं बाहर ही देखती हूँ."

बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं. दादा छपराखाली फोनवर बोलत थांबला. आत्या पायरीवर बसली. तिने साडीचा पदर पसरला, शेजारी टाइल ठेवली, टाइलला लावून दगड ठेवला, आणि मान किंचित तिरकी करून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मी लहानपणी बघितलेला आनंद होता.

"बघ. एकाच ताग्यातले वाटतात की नाही?"

साडी आणि टाइल एक होती. दगड तांबूस तपकिरी होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"गप्प का?"

मी पदराची दुमडलेली कड सरळ करू लागले.

"गिऱ्हाईक गप्प बसलं की रंग चुकलेला असतो," ती सावकाश म्हणाली. "दुकानात पहिल्या महिन्यात शिकले मी हे. सांग, दगड कोणत्या रंगाचा आहे?"

"आमसुली."

तिने दगडावरचा हात काढून घेतला. दगड तापलाही होता. बराच वेळ ती साडीची घडी घालत बसली. मग म्हणाली, "ह्यांना माहीत होतं. रोज सकाळी साडीवरचा ब्लाउज तेच काढून ठेवायचे."

मला ती केशरी साडी आठवली.

फोन संपवून दादा आमच्याकडे आला. "झालं? All good?" त्याने मलाच विचारलं. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होते ते मला अजूनही माहीत नाही. माझ्या आधी ती बोलली.

"रोहन, मला या दगडाचा रंग दिसत नाही. घरचा उंबरठाही दिसत नव्हता."

"Since when?"

"तुझे बाबा होते तेव्हापासून."

दादाने हातातला फोन खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मग तिच्या शेजारी त्या तापलेल्या पायरीवर बसला.

जवळच्या कॅफेटेरियात आम्ही करक (दुधात उकळलेला कडक चहा) मागवला. डॉक्टरांनी काय सांगितलंय, हे त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. आहे तीही हळूहळू कमी होत जाणार.

"खलास, आई," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. "करामाला चल."

मला वाटलं ती भांडेल. तिने कपाची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाली, "बाथरूम होऊ दे. मग येते."

आम्ही परत दुकानात गेलो. मी एकेक दगड बाहेर उन्हात नेला आणि साडीशेजारी ठेवून बघितला, शेवटी एक जुळला. तो आत आणून दिला तेव्हा तिने बघायला मागितला नाही. परतताना गाडीत तिने माझ्या कानाशी सांगितलं, "तुला खोटं बोलावं लागलं असतं. ते नको होतं मला."

बाथरूम पूर्ण झालं त्या दिवशी ती अनवाणी आत गेली आणि तळवा भिंतीवर ठेवून उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली.

मला एरवी कुणासमोर चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. मी सांगितलं. भिंत शेवाळी आहे. उंबरठा तिच्याहून किंचित गडद, भिजलेल्या शेवाळासारखा. खिडकीतून ऊन पडलंय तिथे भिंत कच्च्या मेंदीसारखी दिसते. कोपऱ्यात, सावलीत, सकाळचा खोर दिसतो तशी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत होता. त्या बाथरूममधली तिची ती एकच आंघोळ.

दुपारी आम्ही करामाला आलो. बैठ्या जुन्या इमारती, खाली डोशांचा वास, मेट्रोकडे धावणारी माणसं. तिला नातीच्या खोलीत पलंग दिला होता. तिथलं बाथरूम पांढरंशुभ्र होतं. उंबरठ्यावर दादाने काळी पट्टी चिकटवून ठेवली होती, अगदी सरळ, पट्टीने मोजून लावल्यासारखी.

दोन दिवसांनी मी पुण्याला परतले. इरकल तिच्याकडेच राहिली. बाबांनी विचारलं, बाथरूम कसं झालं? मी म्हटलं, सुंदर. दुबई कशी वाटली, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा माझ्यासमोर उंच इमारती येतच नाहीत. एक तापलेली पायरी येते.

गेल्या रविवारी आत्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे समोरच्या घराची खिडकी दिसत होती. तिने मोरपंखी साडी नेसली होती. म्हणाली, ऑफिसला निघायच्या आधी ब्लाउज आता रोहन काढून ठेवतो, कपाटासमोर किती वेळ उभा असतो बिचारा. मग तिने फोन थोडा लांब धरला, म्हणजे मला नीट दिसावं.

"जुळलाय ना गं?"

ब्लाउज कोनफळी होता, गडद जांभळा.

"हो," मी म्हणाले. लगेच म्हणाले.