डब्यातले तीन मासे

आम्ही परदेशात राहतो त्या नायमेखनजवळचं मोठं तळं बऱ्याच वर्षांनी पक्कं गोठलं आणि शेजारच्या आजोबांनी मला बर्फावरच्या मासेमारीला ओढून नेलं. मी पुण्याचा, जन्माचा शाकाहारी. पण हा माणूस माझी सायकल दुरुस्त करून देतो, आम्ही भारतात गेलो की आमच्या कुंड्यांना पाणी घालतो. त्यांना नाही कसं म्हणणार? पोह्यांचा डबा घेतला आणि गेलो.

गिरमिटाने त्यांनी बर्फाला भोक पाडलं, गळ सोडला. पट्टेरी मासा लागला की छोट्या लाकडी दंडुक्याचा डोक्यात एकच टोला, आणि मासा पिशवीत. ते दिसू नये म्हणून मी डब्यात मान घालून पोहे संपवले. त्याहून वाईट म्हणजे मधूनच बोटाएवढे करडे मासे लागायचे. ते गळातून सोडवून आजोबा जिवंतच मागे बर्फावर भिरकावायचे. ना घरी न्यायचे, ना पाण्यात सोडायचे. ते तिथेच तोंड उघडमीट करत पडलेले.

का, एवढं विचारायला हवं होतं. इथली माणसं सगळं तोंडावर विचारतात, तोंडावर सांगतात. मला आठ वर्षांत ते जमलेलं नाही. मोठ्या माणसाला उलट विचारायचं नाही, हे अंगात मुरलेलं. लहानपणी आई देवळाच्या तळ्यावर न्यायची, माझ्या हातून माशांना कणकेच्या गोळ्या घालायला लावायची. ते सगळं त्या बर्फावर आठवत बसलो.

आजोबा खुर्च्या आवरायला वळले, तेव्हा मी रिकाम्या डब्यात भोकातलं पाणी भरलं. कल्ले हलत होते असे तीन मासे उचलून त्यात टाकले, झाकण लावलं, डबा पाठीवरच्या पिशवीत. घरी पोचेपर्यंत पाठ ओली झाली होती.

आमच्या घरांच्या मागे एक लहान तळं आहे. नऊ वर्षं खपून आजोबांनी ते साफ केलं, त्यात इथले हल्ली फारसे न दिसणारे चिमुकले मासे वाढवले. थंडीत त्यांना हवा मिळावी म्हणून बर्फात एक भोक उघडं ठेवलेलं असतं, आणि ते बघायचं काम त्या वर्षी विश्वासाने माझ्यावर सोपवलं होतं. त्याच भोकातून मी तिघांना आत सोडलं. ते सुळकन खाली गेले. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

चार दिवसांनी आजोबांकडे कॉफी पिताना विषय निघाला. ते करडे मासे जहाजांबरोबर परक्या समुद्रातून आलेले, म्हणाले. दुसऱ्या माशांची अंडी खातात, नदीत पार उच्छाद मांडलाय. हाती लागला तर परत सोडायचा नाही. खिडकीतून तळ्याकडे बघत पुढे म्हणाले, इथे अजून एकही नाही.

मी कॉफी अर्धीच ठेवली. मान डोलावली आणि घरी आलो.

मग सुरू झालं. बर्फ वितळलं. रोज ऑफिसला जाण्याआधी काठावर वाकून पाण्यात बघायचो. काही हललं की वाटायचं, त्यातलाच एक. आजोबा दारात दिसले की मी मोबाइल कानाला लावायचो. मार्चमध्ये ते स्वतःच आनंदाने सांगायला आले की आता मासे अंडी घालतील. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि सांग. अंडी काय तुझ्यासाठी थांबणार आहेत?"

गेलो. सांगितलं. आजोबा खिडकीशी जाऊन तळ्याकडे बघू लागले. मग विचारलं, "किती?"

"तीन."

त्यांनी शेडमधून जाळीचे सापळे काढले. आठवडाभरात दोन सापडले. आजोबांनी दंडुका माझ्या हातात दिला. पहिल्याला दोनदा मारावं लागलं, आणि ती दुसरी वेळ मी कधीच विसरणार नाही. आजोबा शेजारी उभे होते. म्हणाले, "बर्फावर मीच हे करायला हवं होतं. तसेच तडफडत टाकले, ते माझं चुकलं."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तिसरा सापडला नाही. सापळे अजून पाण्यात आहेत, रोज सकाळी मी ते वर काढून बघतो. आई फोनवर कौतुकाने विचारते, तळ्यातल्या माशांना काही घालतोस की नाही रे? घालतो म्हणतो. आणि काठावर उभा राहून, ज्याला डब्यात घालून जिवंत आणला तो एव्हाना मेलेला असू दे, म्हणून हात जोडतो.