राग विचारायची भाषा

मी मूळची भोकरची. नांदेडच्या कॉलेजातली मुलं राग, दुःख कसं सांभाळतात यावर मी पीएचडी करत होते. त्यासाठी एक परदेशी प्रश्नावली आधी मराठीत आणून पारखून घ्यायची होती. तज्ज्ञांच्या भाषांतरात एक वाक्य होतं, ‘मी नकारात्मक भावनांचे दमन करतो.’ उमरीहून येणाऱ्या एका मुलीनं ते वाचून विचारलं, “मॅडम, दमन म्हंजे दम लागणं का?”

त्याच आठवड्यात मी सगळी वाक्यं नव्यानं लिहिली. ‘राग आला तर मी गपगुमान गिळून टाकते.’ ते कागद घेऊन लातूरला मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी ते बाजूला सारले. “ही गावठी भाषा शास्त्रात चालत नाही.”

“सर, मला राग येतो तेव्हा मी पुस्तकी मराठीत चिडत न्हाई.” घरचं ‘न्हाई’ मी मुद्दाम तसंच ठेवलं.

“मग दोन्ही वापरून बघ,” सर म्हणाले. “तुझी प्रश्नावली कमी पडली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

मी कॉलेजातल्या त्याच मुलांकडून दोन्ही प्रश्नावल्या भरून घेतल्या. तज्ज्ञांच्या प्रश्नावलीत कुणी उत्तरं सोडून दिली होती, कुणी सगळीकडे मधल्याच पर्यायावर खूण केली होती. माझ्या प्रश्नावलीत प्रत्येकाची सारख्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत होती. सरांनी आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, “बरं, परिशिष्टात टाक.”

“परिशिष्टात न्हाई, सर. प्रबंधात हीच जाईल.”

तीच गेली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी वाक्यं वाचायला सांगितली, तेव्हा मी ती आमच्याच हेलात वाचली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी थांबले नाही.