ब्रिनचा डावा गाल

लोर्ना कुझिकने आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे झाकले. सुरुवात हॅमिल्टनमधल्या एका दुकानात, पावडर-लिपस्टिकच्या काउंटरवर झाली. मग टोरांटोच्या स्टुडिओत मालिकांच्या रंगभूषेचं काम मिळालं, ते निवृत्तीपर्यंत पुरलं. उजाडायच्या आत गाडी काढायची, खुर्चीशेजारी उभं राहायचं आणि कॅमेरा सुरू होईपर्यंत बसायचं नाही. बसलं की हात सैल पडतो, असं ती म्हणे. शाळकरी पोरांच्या मालिका तिने ढिगाने केल्या. त्या बघून कुणाला वाटलं असतं, कॅनडातल्या पोरांना पुटकुळ्या येतच नाहीत.

तिच्या स्वतःच्या गालांवर मात्र खड्डे होते. पंधराव्या वर्षी फोड आले. वय सरलं की जातील, असं घरचे म्हणाले. वय सरलं, फोड गेले, खड्डे राहिले. नवरा ओरेस्ट पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो चिडवायचा, "तुझ्या गालापेक्षा आमच्या यार्डातला रस्ता बरा."

"म्हणूनच तिथे रोज ठेचकाळतोस," ती म्हणायची.

शेवटची मालिका घेतली तेव्हा दिग्दर्शिका जोसलिन प्रूने पहिल्याच दिवशी सांगितलं, "कुणाच्या चेहऱ्याला काही लावायचं नाही. पुटकुळी, डाग, ओठावरची लव, जे आहे ते दिसू दे."

"मग मला कशाला बोलावलंस? झाडलोट करायला?"

"कुणी घरून चोरून लावून आलं तर पुसायला."

लोर्नाला ते लागलं. तरी तिने काम धरलं.

मुख्य भूमिकेत ब्रिन होती. सडबरीची, सोळा वर्षांची, कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेली. तोंडभर पुटकुळ्या, डावा गाल तर लालच. कॅमेरा त्या गालाच्या अगदी जवळ जायचा आणि तिथेच थांबायचा. मालिका गाजली. बसथांब्यांवर तिची पोस्टरं लागली, खाली एकच ओळ: 'रंगाचा थेंबही नाही'. मूस जॉ गावच्या एका मुलीने आपल्या नुसत्या धुतलेल्या, काही न लावलेल्या चेहऱ्याचा फोटो पाठवला. असा फोटो आपण पहिल्यांदाच काढला, असं तिने लिहिलं होतं. लोर्नाने तो बराच वेळ पाहिला. आपल्या पंधराव्या वर्षी टीव्हीवर असा एक तरी चेहरा असता तर, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या वर्षी ब्रिनचे फोड खोल गेले. एका सकाळी ती आली, तेव्हा कॉलरला रक्त लागलेलं होतं. लोर्नाने गालाला ओला कापूस लावला, तशी ती कळवळली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"उन्हाळ्यात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्यात."

"मग?"

"घेतल्या नाहीत." ब्रिनने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "गाल साफ झाला तर मला कोण ठेवेल इथे?"

"जोसलिन म्हणाली असं?"

"म्हणायला कशाला हवं? पोस्टर बघ ना."

लोर्नाने कापूस बदलला. असा प्रत्येक फोड जाताना काय ठेवून जातो, हे तिला हाताने चाचपून ठाऊक होतं. पोरगी जितकी थांबेल तितके खड्डे वाढणार होते.

दुपारी जोसलिन सूप घेऊन बसली होती. लोर्ना समोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. जोसलिनने चमचा खाली ठेवला.

"मला बोलली नाही गं ती."

"कशी बोलेल? पोट त्या गालावर चाललंय तिचं."

"पण अर्धी गोष्ट चित्रित झालीये. तीही क्रमाने नाही, पुढचे प्रसंग आधी, मागचे नंतर. एका दारातून फोड घेऊन शिरेल आणि खोलीत साफ गाल?"

"मी करते. आधीचे फोटो आहेत. जो फोड जिथे होता तिथेच बसवीन."

"आणि पोस्टरवरची ओळ?"

"काढून टाक."

जोसलिनने चॅनेलशी दोन वेळा भांडून पाहिलं. चॅनेलने ओळ काढली नाही. मुलीने गोळ्या घ्याव्यात, रंगही लावावा, पण कुठे बोलायचं नाही, असं ठरलं. मालिकेच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांत रंगभूषा करणारीचं नावही येणार नाही. हे सांगताना जोसलिन जमिनीकडे बघत होती. "तू नाही म्हणालीस तरी चालेल," ती म्हणाली.

लोर्नाला मूस जॉची मुलगी आठवली. तिच्याशी हे खोटं बोलणं होतं. पण इकडे खुर्चीत बसलेल्या पोरीचा गाल आतून सडत होता. लोर्नाने खुर्चीतली पोरगी निवडली. आपण बरोबर केलं, असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

झाकणं सोपं असतं. नसलेला फोड उगवून दाखवणं अवघड. जिलेटिनचा उंचवटा, त्याखाली लाली, टोकाला फिकट पिवळं, कडेला सुटलेली पापुद्र्यासारखी कातडी. एवढं केल्यावर एक फोड होई. त्यात गोळ्यांनी ब्रिनची कातडी इतकी कोरडी पडली, की चिकटवलेलं ओढून काढलं तर सालच निघायची. मग तेल लावून, मुरू देऊन, बोटाच्या पेराने हळूहळू सोडवायचं. घाई करून चालत नसे. लोर्नाचे पाय सुजले. गाडी चालवणं जमेना, तेव्हा ओरेस्ट तिला आणून सोडू लागला.

हिवाळ्यात एका सकाळी ब्रिनचा गाल प्रथमच सपाट दिसला. लोर्नाने त्यावर काम पुरं केलं. ब्रिन आरशात बघून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"जाऊ दे, जाऊ दे म्हणून किती वर्षं विनवण्या केल्या. गेलं एकदाचं, तर तू परत आणून बसवतेस!"

"रडू नकोस. कडा सुटतील."

ब्रिनने डोळे वर करून पाणी थोपवलं. मग विचारलं, "तुझ्या वेळी गोळ्या नव्हत्या?"

"असतील, नसतील. माझ्यासाठी कुणी विचारायलाच गेलं नाही."

मालिका लागली तेव्हा लोर्ना घरी बसलेली होती. ओरेस्टने सुरुवातीची नावं शेवटपर्यंत वाचली.

"तुझं कुठंय?"

"नाही टाकलं."

"का?"

"रंग कुणी लावलाच नाही म्हणे."

त्याने तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली. पडद्यावर ब्रिनचा डावा गाल आला, अगदी जवळून. ओरेस्ट उठला, चष्मा चढवून टीव्हीपाशी गेला आणि एका फोडावर बोट ठेवलं.

"हा तिचा?"

"माझा."

"आणि हा, जबड्यावरचा?"

"तोही."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. "फार दुखत असेल असं वाटतं गं."

"नाही," लोर्ना म्हणाली. "आता दुखत नाही तिला."