ओढ थांबत नाही

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून बाई ओढायच्या आणि म्हणायच्या, “बघ, ओढलं इथे, कळलं मनगटापर्यंत.” अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला हा चिमटा बघावा लागे. नव्या माणसाला वाटे, बाई वयाची तक्रार करतायत. खरं तर त्या कामाबद्दल बोलत असत: एक पेशी ओढू लागली की ती ओढ शेजारच्या पेशीपर्यंत कशी पोचते.

दुधावर साय धरते ना, तसा सिलिकॉनच्या तेलावर ज्योत फिरवली की पापुद्रा धरतो. त्यावर त्या पेशी वाढवत. पेशीने ओढलं की पापुद्र्याला सुरकुती पडे आणि शेजारच्या पेशीखालच्या सुरकुत्याही हलत. त्या बघत बाई तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या असत. पावसाळ्यात हमखास बुरशी लागे. पेशी वाढवलेल्या सगळ्या काचेच्या बशा फेकून देताना बाई एवढंच म्हणत, “वाट लागली. चल, चहा टाक.”

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह होते. तसाच एक भडकून बाईंच्या धाकट्या बहिणीचा गळा भाजला होता. जखम भरली, पण भरताना आवळत गेली आणि हनुवटी छातीकडे ओढली गेली. शस्त्रक्रियेने सोडवली, तर व्रण पुन्हा आवळला.

एकदा ती प्रयोगशाळेत आली. मान वर होईना, म्हणून आम्ही तिच्यासाठी स्टूल उंच केलं. सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पेशी बघून तिने विचारलं, “ताई, ह्याच का गं त्या मेल्या?”

“ह्याच. पण त्यांचा दोष नाही. जखम मिटवायची, एवढंच त्यांना कळतं. एक ओढते, म्हणून दुसरी ओढते. थांबायचं कुठे, ते कळत नाही.”

“मग शिकव ना त्यांना.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “अजून मलाच कळलं नाही गं.”

बहिणीची पुढची शस्त्रक्रिया झाली आणि बाईंनी रजा घेतली. ती वाढतच गेली. शेवटी त्यांचं टेबल दुसऱ्याला दिलं.

मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले, तेव्हा खोलीभर खोबरेल तेलाचा वास होता. बाई खाटेवर बहिणीमागे बसून अंगठ्यांनी तिचा व्रण चोळत होत्या, हळूहळू ताणत होत्या. रोजचंच होतं ते. दोघीही दमलेल्या.

“अजून थोडी वर. दुखतंय?”

“दुखतंय. थांबू नकोस.”

हनुवटी उचलली गेली. बहीण छताकडे बघत राहिली.

“ताई, पंख्यावर धूळ किती साचलीये गं!”

बाईंचे हात थांबले. त्यांनी बहिणीच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.