दुसऱ्या प्रतीतल्या बोटी

आमच्या आळीत बोटीची बातमी कोणी नुसती सांगून जाऊ शकत नाही. "आल्या गो बोटी!" असं म्हणत कोणी दारावरून गेलं, की वहिनी आतूनच विचारते, "कोनी पायल्या? कुठं? कवा?" तिन्ही उत्तरं मिळाली तर ती चहाला आधण ठेवते, नाहीतर तिच्या लेखी ती बातमीच नव्हे. आळीतल्या सगळ्याच बायका असं विचारतात. मी याच घरात वाढले, तरी मला ते जरा अतीच वाटायचं. "वयनी, पंचनामा करतेस काय?" म्हणून मी तिला चिडवायचे.

मी रेवदंड्याला घरी बसूनच नोकरी करते. कंपनी नवी मुंबईची. ती मासेमारीच्या बोटींवर एक डबी बसवते. बोट कुठे आहे ते ही डबी थोड्या थोड्या वेळाने कळवत राहते आणि ते सगळं एका डेटाबेसमध्ये साठतं. तो डेटाबेस सांभाळायचं काम माझं. त्याची दुसरी प्रत लांबच्या एका मशीनवर असते. मुख्य मशीन बंद पडायची पाळी आली, तर सगळा कारभार त्या प्रतीवर हलवायचा.

हे मी एका टूलवर करते. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि ते काय सांगतं ते वाचायचं. माझ्या आधीच्या इंजिनिअरने ते लिहिलं आणि तो नोकरी सोडून गेला. टूल भलतंच तुसडं. 'दुसरी प्रत. मागे: 0' एवढं तोंडावर फेकून गप्प. अर्थ असा, की दुसरी प्रत शून्य सेकंद मागे आहे, सगळं तिकडे पोचलंय. याला जरा माणसासारखं बोलायला शिकवू का, असं मी साहेबांना विचारलंही होतं. "चालतंय ना मॅडम? मग कशाला हात लावता?" ते म्हणाले. मी चडफडत गप्प बसले.

दिवाळी तोंडावर आली होती. भाऊ पहाटेच बोट घेऊन गेला होता आणि बंदरावर वादळाचा बावटा चढला तेव्हा सगळ्या बोटी केव्हाच बाहेर पडल्या होत्या. दुपारी वारा असा सुटला, की वाळत घातलेले बोंबील काठ्यांसकट आडवे झाले. भावाचा फोन लागेना. वहिनी उंबऱ्यातून हलायला तयार नव्हती. मी लॅपटॉपसमोर बसून पुन्हा पुन्हा त्याचा नंबर फिरवत होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मुख्य मशीन जिथे होतं तिथली लाइट गेली होती आणि जनरेटर आचके देत होता. "मॅडम, दुसऱ्या प्रतीवर स्विच करून टाका. फटाफट!"

मी कमांड दिली. 'दुसरी प्रत. मागे: 0. हलवायचं? हो / नाही.'

'हो' म्हणायला एक बटण पुरलं असतं. त्याच वेळी रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेलं, की कोर्लईच्या बाजूला बोटी दिसल्या. उंबऱ्यातून वहिनीचा आवाज चढला, "कोनी पायल्या रं?" उत्तर आलं नाही. मी त्या शून्याकडे बघत बसले. हे शून्य कोणी पाहिलं? कधी?

बटण दाबायचं सोडून मी टूलचा कोड उघडला. शून्य छापणारी ओळ सापडली. दुसऱ्या मशीनने उत्तर दिलं नाही, तर तिथे शून्य छापावं, असं त्यात लिहिलं होतं. रिकामी जागा बरी दिसत नाही, अशी बाजूला टीपही होती. म्हणजे सगळं पोचलं तरी शून्य आणि कोणी उत्तरच दिलं नाही तरी शून्य!

साहेबांचा परत फोन. "झालं का?"

"नाही. थांबा."

"अहो, शून्य दिसतंय ना तुम्हाला?"

"म्हणूनच थांबा म्हणते," मी ओरडलेच.

मी ती ओळ बदलली. कोणाला विचारलं, उत्तर मिळालं का आणि शेवटचं कधी मिळालं, हे टूलने सरळ शब्दांत सांगावं, एवढंच केलं. मग कमांड पुन्हा दिली. 'दुसरी प्रत: उत्तर नाही. शेवटचं उत्तर: काल संध्याकाळी.'

काल संध्याकाळी सगळ्या बोटी खाडीत नांगरलेल्या होत्या. मी 'हो' म्हटलं असतं, तर संकटातल्या बोटी शोधायला माणसं धाडणाऱ्या कंट्रोल रूमच्या नकाशावर आमच्या बोटी झाडून सगळ्या घरी दिसल्या असत्या. भावाचीही. मग त्याला शोधायला कोण कशाला निघालं असतं?

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "काही हलवू नका. मी स्वतः जनरेटरकडे जातो."

जनरेटर टिकला. मुख्य प्रतीत भावाच्या बोटीचा शेवटचा ठावठिकाणा होता, तो मी कंट्रोल रूमला कळवला. मागे वळले तर वहिनी उभी. "काय म्हनतंय?"

"डबीनं कळवलंय. कोर्लईच्या भाईर, जेवनाच्या येळेला."

"आनि आता?"

जुन्या टूलने मला इथे थाप मारायची सोय ठेवली होती. "ठीक हाय" म्हणून मोकळी झाले असते. आता भावाच्या डबीबद्दल विचारलं तरी समोर 'उत्तर नाही' असे शब्द लिहिलेले होते आणि ते मीच लिहायला लावले होते. खरं बोलायची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"आता उत्तर न्हाय, वयनी."

ती पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसली. मी तीच कमांड परत परत देत राहिले आणि टूल तेच शब्द परत परत छापत राहिलं. उन्हं कलली तरी वारा पडला नव्हता.

मग वहिनीचा फोन वाजला. नंबर अनोळखी. तिने तो कानाला लावला आणि समोरच्याला तोंडही उघडू न देता विचारलं, "कोनी पायली?"

"अगो, मीच हाय!" भावाचा आवाज मला खोलीच्या या टोकाला ऐकू आला.

"कुठं?" वहिनीने विचारलं. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, थेरोंड्याच्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं होतं, आता ते खाडीच्या तोंडाशी होते, फोन ती बोट चालवणाऱ्या तांडेलाचा होता.

"कवा येशील?"

"ह्यो आलोच."

फोन खाली ठेवून ती उठली, आत गेली आणि तिने चहाचं पातेलं गॅसवर चढवलं. गॅस पेटवणं मात्र तिला जमेना. काडी मी ओढली.