चिठ्ठीतला नारळ

एकाच कारखान्यात इतकी वर्षं काढूनही परशुराम दौलत रोकडेला फारसा ओळखत नव्हता. हे त्याच्या ध्यानात आलं ते विठ्ठलवाडीला दौलतच्या खोलीत, सतरंजीवर बसल्यावर. दौलतला जाऊन आठवडा होत आला होता. दौलतची मुलगी हेमा पाण्याचा तांब्या समोर ठेवून म्हणाली, "काका, बाबा घरी कंपनीतलं कधीच काही बोलले नाहीत. तुम्ही सांगा ना काहीतरी."

परशुरामने आठवून पाहिलं. दौलत चहा बिनसाखरेचा घ्यायचा. चौदा एप्रिलची रजा कधी चुकवायचा नाही. हत्यार परत करताना पुसून द्यायचा. एवढंच आठवलं.

"चांगला माणूस होता," तो म्हणाला.

हेमा अजून वाट बघत होती. परशुराम पाणी प्यायला. सांगण्यासारखी एक गोष्ट होती, पण ती नेमकी हिलाच कशी सांगायची, हे त्याला कळत नव्हतं.

कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत, पंपाचे सुटे भाग बनवणारा. परशुराम तिथे हत्यारांच्या खिडकीत बसायचा. कामगाराने आपलं पितळी टोकन द्यायचं, पाना नाहीतर ड्रिल न्यायचं. हत्यार परत येईपर्यंत टोकन खिळ्याला टांगलेलं. परशुराम कोपरीचा कोळी. खाडीत मासळी उरली नाही म्हणून बापाची होडी सोडून तो कारखान्यात आलेला. डब्यात जवळा असला की कँटीनमध्ये कुणीतरी म्हणायचंच, "परश्या, तुझी खाडी तिकडे ने बाबा!" सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि मग खिडकीत येऊन जेवायचा.

दौलत आपल्या लेथशेजारी बसून जेवायचा. त्याला कुणी तिकडे जा म्हटलं नव्हतं. तो पहिल्या दिवसापासून तिथेच बसला आणि त्याला कुणी इकडे ये असंही म्हटलं नाही. दौलत बौद्ध होता. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. एकदा परशुरामने जवळ्याचा डबा त्याच्यापुढे केला. दौलतने चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाला, "मीठ जास्त झालंय." मैत्री म्हणायची तर ती तेवढीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. लेथ खात्याची त्यात एक वेगळी रीत होती. खात्यातल्या सर्वांत जुन्या कामगाराने मोठ्या लेथपुढे नारळ फोडायचा आणि आपल्या हाताने सगळ्यांना प्रसाद वाटायचा. खात्याचा चार्जहँड, म्हणजे मुकादम, रिटायर झाला की नारळ फोडणाऱ्यालाच ती जागा मिळायची. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मालकसुद्धा ती रीत मोडत नसत. शहाऐंशी साली चार्जहँड धोंडीबा दिवाळीला रिटायर होणार होता. यंदाचा नारळ पुढच्या माणसाने फोडायचा. पुढचा नंबर दौलतचा होता.

दौलत खिडकीशी यायचा तो हत्यारापुरता. पूजेआधीच्या आठवड्यात मात्र टोकन देता देता तो थांबला.

"यंदा माझा नंबर आहे."

"हो रे, माहीत आहे."

"चार्जहँड झालो तर हेमाला कॉलेजात घालणार. दहावीला आहे. हुशार आहे."

त्याला मुलगी आहे हे परशुरामला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दौलतच्या मागचा नंबर सखारामचा. त्याने उघडपणे काहीच म्हटलं नाही. चहाच्या वेळी एवढंच म्हणाला, "प्रसाद घरी न्यायचा असतो. बायको विचारते, कुणी फोडला म्हणून. मग काय सांगायचं?" दोन दिवसांत ही कुजबुज मॅनेजर सबनीस साहेबांपर्यंत पोचली. साहेब नवे होते. कामगारांशी कसं वागावं याचं कसलंसं शिबिर करून नुकतेच आलेले. ते म्हणाले, असं मनात दाबून ठेवू नये, सगळ्यांनी बसून मोकळेपणाने बोलावं. त्यांनी लेथ खात्याला कँटीनमध्ये बोलावलं आणि बटाटेवडे मागवले. लेथ खात्याबाहेरचा, म्हणजे कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून परशुरामलाही बसवलं.

"आपल्याकडे जातपात आहे का? बोला," साहेब म्हणाले.

"छे, छे!" धोंडीबा म्हणाला. "साहेब, मी दौलतच्या हातचा चहा पितो."

"कधी प्यायलास?" दौलतने विचारलं.

"अरे, रोज नाही का पीत आपण?"

"तो कँटीनवाल्याच्या हातचा, धोंडीबा."

पोरं हसली. धोंडीबाही हसला. युनियनचा देवराम उठून म्हणाला, "युनियन जात मानत नाही. हा प्रश्नच गैरलागू आहे." आणि खाली बसून त्याने दुसरा वडा घेतला.

सखाराम म्हणाला, "आमचं काहीच म्हणणं नाही, साहेब. पण यांच्यात देव मानत नाहीत. मग नारळ कशाला पाहिजे? उलट त्यालाच पाप लागेल. त्याच्यासाठीच सांगतोय मी."

"मला नारळ नको," दौलत म्हणाला. "पूजा तुम्ही करा. मला माझा नंबर पाहिजे."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "आपण असं करू. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकू. ज्याची निघेल तो फोडेल. सगळ्यांना समान संधी. कुणाला बोलायला जागा नाही."

सगळ्यांना पटलं. दौलत तेवढा म्हणाला, "साहेब, रेशनच्या रांगेत पुढे आलेल्या माणसाला चिठ्ठी टाकायला सांगतात का?"

"दौलत, यात तुझंही नाव आहेच ना?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

चिठ्ठ्या कुणाच्यातरी टोपीत टाकल्या आणि परशुरामला हात घालायला सांगितलं. त्याने एक उचलून साहेबांकडे दिली. दौलतचीच निघाली. टाळ्या वाजल्या. साहेब सर्वांत जोरात वाजवत होते. "बघ! देवाच्याही मनात होतं!" धोंडीबा म्हणाला. परशुरामला खूप बरं वाटलं. त्याने दौलतकडे पाहिलं, तर तो टाळ्या वाजवणाऱ्यांकडे न बघता समोरच्या वड्याच्या कागदावरचं तेल बघत होता.

पूजेच्या दिवशी दौलत धुतलेला सदरा घालून आला. हळदकुंकू धोंडीबाने वाहिलं. दौलतने एका फटक्यात नारळ फोडला, सुरीने तुकडे केले, आणि एकेकाच्या तळव्यावर ठेवत गेला. सगळ्यांनी हात पुढे केले. कुणीही नाही म्हटलं नाही. सखारामने तर तुकडा कपाळालाही लावला. परशुरामने आपला तिथेच खाल्ला. खोबरं गोड होतं.

लोक घरी गेल्यावर परशुराम लेथ खात्यात फिरून हत्यारं मोजून घेत होता. लेथखालच्या लोखंडी चुऱ्याच्या पिंपात त्याला ते पांढरे तुकडे दिसले. बरेच होते. काही कागदात नीट गुंडाळलेले. तो बघत असतानाच दौलत झाडू परत द्यायला आला. त्यानेही पिंपात पाहिलं.

"उद्या सुट्टी आहे," दौलत म्हणाला. "वास मारेल. आजच बाहेर टाकायला सांग."

त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि खिडकीतल्या खिळ्यावरचं आपलं टोकन घेऊन गेला.

दिवाळीनंतर सखाराम चार्जहँड झाला. दौलत साहेबांना भेटायला गेला तेव्हा ते अगदी आदबीने बोलले, हे परशुरामने केबिनच्या काचेतून पाहिलं. दौलतने नंतर एवढंच सांगितलं, की यंदाचा मान चिठ्ठीवर मिळालेला होता, नंबरावर नाही, आणि चिठ्ठीवर चार्जहँड करता येत नाही; नंबराची रीत तर सगळ्यांच्या संमतीने मोडली, म्हणून खात्याला चालेल तो माणूस नेमला, असं साहेब म्हणाले. पुढच्या वर्षापासून चिठ्ठीचीच रीत पडली. आपल्याकडे सगळ्यांना समान संधी असते, असं साहेब पाहुण्यांना सांगत. हेमा दहावी पास झाली आणि उल्हासनगरला जीन्स शिवायला जाऊ लागली. दौलत सखारामच्या हाताखाली काम करत राहिला. चौदा एप्रिलची रजा घेत राहिला. परशुरामच्या आठवणीत तो कधी चिडला नाही. तसा कधी हसलाही नाही.

पंचाण्णव साली कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी सगळे खिडकीपाशी गर्दी करून आपापली हत्यारं जमा करत होते. दौलत सर्वांत शेवटी आला. त्याने ड्रिल फडक्याने पुसून पुढे केलं. परशुरामने त्याचं टोकन खिळ्यावरून काढलं.

"नेतोस का? सगळे नेतायत, आठवण म्हणून."

"कशाची?" दौलत म्हणाला.

परशुरामने टोकन परत टांगलं.

"त्या ड्रिलला तेल लाव," दौलत म्हणाला. "गंजेल नाहीतर."

"लावतो."

"बरं. येतो."

"ये."